पट्टा आपणच बदलावा, हिंसा ठेक्याने देता येत नाही

“काकू, गवत कापायचं यंत्र म्हणजे हिंसेचं साधन. ते बंद पडलं तर पडू द्यावं की! आपल्या हातानं दुरुस्त करून पुन्हा चालू करायचं, हे श्रावकाला शोभतं का? त्यापेक्षा माणूस लावावा. तो येईल, कापून जाईल. आपल्या हाताला दोष नको.”

ओहायोमध्ये मुलाकडे असताना आमच्या रविवारच्या स्वाध्यायात एका सज्जनांनी मला हे विचारलं. विचारणारे गृहस्थ नेमाचे आहेत. कंदमूळ नाही, रात्रिभोजन नाही, परदेशात राहूनही पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. त्यामुळे प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. तिथं मी दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण त्यानं माझंच समाधान झालं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. यंत्राचा पट्टा तुटला तर ज्याला जमेल त्यानं तो स्वतः बदलावा. पैसे वाचतात हे एक कारण आहेच. पण मोठं कारण असं की माणूस लावल्यानं आपला दोष कमी होत नाही, तो फक्त आपल्या डोळ्यांआड होतो. आणि डोळ्यांआड गेलेल्या दोषाची काळजी कोणी घेत नाही.

सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणींसाठी आधी हे यंत्र काय असतं ते सांगते. गावाबाहेर घर, घराभोवती सव्वा एकर हिरवळ. ढकलत न्यायच्या यंत्रानं एवढं कापायचं तर अख्खा दिवस जातो, म्हणून तिकडं बसून चालवायचं यंत्र घेतात. दिसायला लहानशा ट्रॅक्टरसारखं, आमच्या घरात सगळे त्याला ट्रॅक्टरच म्हणतात. पुढं इंजिन, मधे पोटाखाली पात्यांचा पसरट पत्र्याचा डबा, त्याला डेक म्हणतात, आणि मागं चाकं फिरवणारा गिअरचा डबा. इंजिनची गती दोन पट्ट्यांनी पुढं जाते. एक पट्टा डेकमधली पाती फिरवतो, दुसरा मागच्या चाकांना गती देतो. आजचा विषय हा दुसरा पट्टा.

आपल्याकडं पिठाच्या गिरणीत मोटारीपासून जात्यापर्यंत पट्टा धावायचा, तो घसरायला लागला की गिरणीवाले त्याला राळ चोळायचे, हे माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल. हा पट्टा त्याच्याच कुळातला. फरक एवढाच की तो सपाट नसतो. पाचरीसारखा आत निमुळता असतो आणि पुलीच्या खाचेत रुतून बसतो. याला राळ-बीळ काही लावायची नसते, घसरला की बदलायचा. आणि जैन घरात हा प्रश्न येणारच म्हणून सांगते, हा पट्टा चामड्याचा नसतो. रबर, कापड आणि आत मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी.

गवत वाढू का देत नाही, असं कोणी विचारेल. तिथं बऱ्याच गावांत नियमच असतो की अंगणातलं गवत आठ-दहा इंचांच्या वर जाता कामा नये. वाढलं तर नोटीस येते. तरी कापलं नाही तर पालिका आपला माणूस पाठवून कापून घेते आणि बिल घरमालकाच्या नावावर टाकतात.

या हिरवळीचं वेड मुळात इंग्लंडचं. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंग नावाच्या माणसानं १८३० साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कल्पना त्याला कापडाच्या गिरणीत सुचली. लोकरीच्या कापडावरची लव छाटायचं यंत्र पाहून त्याला वाटलं, गवत का नाही असं छाटता येणार? पुढं हे वेड अमेरिकेत एवढं पसरलं की २००५ मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं तेव्हा घरांची, मैदानांची आणि गोल्फची मिळून हिरवळ अंदाजे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर भरली. आपला सगळा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढं गवत, माणसानं न खायचं आणि गुरांना न घालायचं. आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला कडबा कापायची यंत्रं झाली, ती जनावरांच्या पोटासाठी. इथं यंत्र आहे ते शोभेसाठी. हा फरक मी विसरत नाही. पुढं त्याच्याकडं परत येणार आहे.

आता पट्ट्याची गोष्ट. मे महिन्यात ट्रॅक्टर चढावर रेंगाळायला लागला. इंजिन जोरात, पण चाकं हळू. मग रबर जळल्याचा वास, आणि एक दिवस इंजिन चालू असूनही यंत्र जागचं हलेना. मुलानं एका दुकानात फोन केला. लक्षणं ऐकूनच तिकडून उत्तर आलं, “गिअरचा डबा गेला. तो बदलण्यापेक्षा नवीन यंत्र घ्या.” प्रत्यक्ष तपासायचं असेल तर तीन आठवड्यांची रांग.

मी वाणिज्य शाखेची. मी पाटीवर न लिहिता हिशोब केला. यंत्र सहा वर्षांपूर्वी २,००० डॉलरला घेतलेलं. आयुष्य दहा वर्षं धरलं तर वर्षाला २०० घसारा, म्हणजे पुस्तकात त्याची किंमत अजून ८०० डॉलर उभी आहे. नवीन यंत्र २,४००. दुकानात ने-आण आणि मजुरी १९०. पट्टा ४२. जे न तपासताच आठशेची मालमत्ता भंगारात काढायला सांगतात, त्यांचा सल्ला कोणत्या खात्यावर टाकायचा? मुलाला म्हटलं, गिअरचा डबा गेला असेल तर कळेलच. आधी बेचाळीस डॉलरचा संशय फेडून घे. हे मी धर्माच्या आधी लिहिते आहे, कारण आपण जैन लोक हिशोबाला पक्के असतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शनिवारी सकाळी काम काढलं. मुलगा पान्हे घेऊन खाली, सूनबाई पुस्तक आणि फोन घेऊन शेजारी, आणि नट-बोल्ट सांभाळायचं काम माझ्याकडं. सहा खणांचा केक भाजायचा साचा घेतला, निघेल ते क्रमानं एकेका खणात. ज्यांना कधी करायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगते. प्रत्येक कंपनीचं यंत्र थोडं वेगळं असतं, तेव्हा आपलं पुस्तक आधी वाचावं.

पट्टा मागवताना सीटखालच्या चिकटपट्टीवरचा यंत्राचा नंबर बघून मागवावा. मोटारगाडीचा पट्टा मापाला जुळला तरी चालत नाही. इथं पेडल दाबलं की पट्टा सैल पडतो आणि सोडलं की पुन्हा पकडतो, हे सतत चालतं. ते सोसणारी दोरी साध्या पट्ट्यात नसते.

यंत्र सपाट जमिनीवर, किल्ली बाहेर, ब्रेक लावलेला, इंजिन पूर्ण थंड. मग स्पार्क प्लगची वायर काढायची आणि बॅटरीची ऋण तार सोडायची. हे दोन झाल्याशिवाय पात्यांजवळ हात न्यायचाच नाही. डेक सर्वांत खाली उतरवायचा, त्याचा पट्टा इंजिनच्या पुलीवरून काढायचा, डेक ज्या पिनांवर लटकतो त्या काढून तो बाजूनं सरकवून बाहेर घ्यायचा. जड असतो, दोघं लागतात. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या यंत्राखाली कोणीही, कितीही घाईत, शिरायचं नाही.

डेक निघाला की वरचा पट्टा दिसतो. तो काढण्याआधी त्याची वाट नीट बघून चित्र काढून ठेवायची. आमच्या सूनबाईंनी फोटो काढलेच, वर कागदावर पण काढलं. कुठल्या पुलीच्या आतून, कुठल्या खुंटीच्या बाहेरून, पोट कुठं आणि पाठ कुठं. पट्ट्याची निमुळती बाजू खाचेच्या पुलीत बसते, सपाट पाठ सपाट पुलीवर. पट्टा पुलीवरून उडू नये म्हणून ठिकठिकाणी लोखंडी खुंट्या असतात. नवा पट्टा चुकून खुंटीच्या बाहेरून गेला तर दहा मिनिटांत फुकट जातो. ब्रेकचं पेडल दाबून अडकवलं की ताण देणारी पुली सैल होते, मग पट्टा एकेका पुलीवरून उतरवता येतो. मागं गिअरच्या डब्यावर पंखा असतो, त्याच्या पात्यांतून तो हळूहळू फिरवून काढावा लागतो. तिथं अर्धा तास गेला.

जुना पट्टा हातात आला तेव्हा एकीकडची कड झिजून आतले धागे लोंबत होते. एकच कड का झिजली? म्हणून मुलानं प्रत्येक पुली हातानं फिरवून बघितली. ताण देणाऱ्या दोनपैकी एकीचं बेअरिंग खरखरत होतं आणि पुली डुगडुगत होती. पट्टा तिच्यावर तिरका चालत होता. ती पुली पंधरा डॉलर. जवळच्या दुकानात मिळाली म्हणून त्याच दिवशी काम झालं. नुसता पट्टा घातला असता तर महिन्याभरात नवाही गेला असता. दुपारी तीनला ट्रॅक्टर चढावर नीट चढला. गिअरच्या डब्याला काहीही झालेलं नव्हतं.

पण माझ्या मतासाठी महत्त्वाचं ते पुढं आहे. इंजिनच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला, वाळक्या गवताचा आणि कापसाचा एक गोळा होता. उंदराचं घरटं. नशिबानं रिकामं. डेकच्या आत ओल्या गवताचा दोन बोटं जाड थर बसलेला, आणि त्या ओलाव्यात गांडुळं, काळे भुंगे, आणखी कितीतरी बारीक जीव. मी लाकडी उलथन्यानं तो थर अलगद सोडवला आणि कुंपणाच्या सावलीत नेऊन ठेवला. दुकानात काय झालं असतं? पाण्याच्या जोराच्या फवाऱ्यानं अर्ध्या मिनिटात साफ. त्यात दुकानवाल्याचा राग-द्वेष काही नाही, त्याला फक्त ठाऊक नाही, आणि वेळ नाही.

इथं त्या सज्जनांच्या प्रश्नाला हात घालते.

आपल्याकडं हिंसेचा विचार नुसत्या मेलेल्या जिवांच्या मोजदादीवर थांबत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी, कषायाच्या भरात वागणं. आचार्य अमृतचंद्रांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात हेच उलगडून दाखवलं आहे. यत्नानं, राग-द्वेषाशिवाय वागणाऱ्याकडून चुकून जीव गेला तर त्याचा बंध वेगळा, आणि बेफिकीर माणसाच्या हातून जीव वाचला तरी तो हिंसकच. मग मला सांगा, हिरवळ कापताना यत्न कोण जास्त ठेवेल? ज्यानं डेकखाली डोकं घालून ते जीव बघितलेत तो, की एका दिवसात पंधरा अंगणं उरकायची आहेत तो?

दुसरं, आपली जपमाळ १०८ मण्यांची का, हे लहानपणी पाठशाळेत शिकवतात. पाप करण्याचा विचार, त्याची तयारी आणि प्रत्यक्ष आरंभ, हे तीन. ते मनानं, वाणीनं आणि कायेनं, हे तीन. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि केल्याला संमती दिलेलं, हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, १०८. या गुणाकारात कृत, कारित आणि अनुमोदना एकाच रांगेत आहेत. करवलेल्याला सूट नाही. वाणिज्याच्या भाषेत सांगायचं तर मुनीमानं लिहिलेली उधारीसुद्धा मालकाच्याच खात्यावर पडते. माणूस लावून गवत कापून घेतलं तर ‘माझा हात नव्हता’ हे खरं, पण पैसे माझे, अंगण माझं आणि कापून हवं ही इच्छाही माझीच.

उलट माणूस लावला की आणखी एक गोष्ट होते, जी बहुतेकांना माहीत नसते. तिकडच्या बऱ्याच ठेक्यांत कापणीसोबत औषधांचं पॅकेज येतं. तणनाशक, खत, आणि जमिनीतल्या अळ्या मारायचं विष. या अळ्या म्हणजे भुंगेऱ्यांची पिल्लं, आपल्या ऊस-शेतकऱ्यांच्या भाषेत हुमणी. हुमणी गवताची मुळं खाते आणि हिरवळ पिवळी पडते, म्हणून तिला मुद्दाम मारायचं. गवत कापण्यात होते ती घराच्या व्यवहारातली, आरंभी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. पण त्रस जिवाला मारायचं असं ठरवूनच विष टाकणं ही संकल्पी हिंसा, जी श्रावकाच्या पहिल्या अणुव्रतातच वर्ज्य आहे. आपल्या भागातल्या उसाच्या शेतकऱ्यापुढं हुमणीचा प्रश्न पोटाचा आणि कर्जाचा असतो, त्यावर मी घरात बसून बोलणार नाही. पण अंगण हिरवं दिसावं म्हणून? ज्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही, त्यांच्या अंगणात वर्षातून एकदा हे विष पडतं आणि त्यांना पत्ता नसतो, कारण ते बिलात एका ओळीत लिहिलेलं असतं. त्या दिवशी स्वाध्यायात मी एवढंच विचारलं होतं, “तुमच्या ठेक्याचा कागद वाचलाय का?” पुढच्या रविवारी त्यांनी येऊन सांगितलं की ती ओळ त्यांनी काढून टाकायला लावली. मला त्यांचं कौतुक वाटलं.

आता उलटा आक्षेप मीच घेते. एवढा यत्नाचार सांगता, तर मुळात सव्वा एकर गवत कशाला? हा प्रश्न रास्त आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक प्रमादचर्या. कारण नसताना जमीन खणणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं. पालिकेच्या नियमापुरतं कापलं तर त्याला कारण आहे. परसातल्या ज्या भागात कोणी पाऊल ठेवत नाही, तो गालिच्यासारखा दिसावा म्हणून दर आठवड्याला कापणं हे सरळसरळ अनर्थदंड. आमच्याकडं आता मागचा निम्मा भाग कुरणासारखा सोडला आहे. गावात विचारून घेतलं, रस्त्याकडून दिसत नाही, रानफुलं लावली आणि कडेनं एक पट्टी कापलेली ठेवली तर हरकत नाही म्हणाले. ते कुरण वर्षातून एकदाच, कडक थंडी पडून गेल्यावर कापायचं. ब्रिटनमध्ये २०१९ पासून ‘नो मो मे’ म्हणून मोहीम चालते, मे महिन्यात गवत कापू नका, मधमाश्यांना फुलं मिळू द्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन शहरानं २०२० मध्ये ती उचलली. त्यांनी ते मधमाश्यांसाठी केलं, आपण जीवदया म्हणू. काम एकच.

पुढचा भाग मात्र नेमानं कापायचा. आज कापलं, मग महिनाभर सोडलं, मग गुडघाभर वाढल्यावर एकदम कापलं, हे सर्वांत वाईट, कारण तेवढ्या काळात त्यात जीव येऊन वसतात. म्हणून दुकानाची तीन आठवड्यांची रांग मला मान्य नव्हती. जागा द्यायची तर कायमची द्यावी. आधी द्यायची आणि मग अंगावर पाती फिरवायची, हा विश्वासघात झाला.

कापायची पद्धतही ठरवून घेतली आहे. पाती साडेतीन इंचांवर. गवत एकेंद्रिय, त्याला पीडा होतेच, पण मूळ आणि खालचा पाला शाबूत राहतो आणि जमिनीलगतचे बरेच जीव वाचतात. कापण्याआधी नातू आणि मी चालत एक फेरी मारतो. तिकडं रानटी ससे उघड्या हिरवळीतच उथळ खळगा करून, वर वाळकं गवत आणि आपली लव पसरून पिल्लं ठेवतात. आई फक्त पहाटे आणि संध्याकाळी पाजायला येते, त्यामुळं दिवसा ते घरटं कोणाच्या लक्षात येत नाही. दिसलं की काठी रोवायची आणि तीन आठवडे तो तुकडा सोडायचा. तेवढ्यात पिल्लं निघून जातात. जूनमध्ये काजवे येतात, तेव्हा दिवस कलल्यावर यंत्र लावायचं नाही. आपण सूर्यास्तानंतर जेवत नाही ते याच जिवांसाठी. मग सूर्यास्ताला पाती फिरवणं कसं बसेल? सगळं यंत्र भर दुपारी, गवत कोरडं असताना, हळू वेगात. पैसे देऊन बोलावलेल्या माणसाला हे सगळं सांगून बघा. तो ऐकून घेईल, मान डोलावेल आणि त्याच्या वेळेला येऊन कापून जाईल. त्याचंही पोट आहे.

अनर्थदंडातला आणखी एक प्रकार हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याला देणं. शेजारी अधूनमधून ट्रॅक्टर मागायला येतात. नाही म्हणणं शेजारधर्माला धरून होत नाही, आणि देणं व्रताला धरून नाही. आमच्या मुलानं मधला मार्ग काढला. यंत्र देत नाही, स्वतः जाऊन कापून देतो, आधी फेरी मारून. शेजाऱ्यांना गंमत वाटते, पण आता त्यांची मुलंही सशाचं घरटं शोधत पुढं पळतात.

अपरिग्रहाबद्दल थोडंसं. अपरिग्रह म्हटलं की आपण दानपेटी आठवतो. पण आहे ती वस्तू टिकवणं हाही अपरिग्रहच. नव्या यंत्रासाठी लोखंड खणायचं, वितळवायचं, रंगवायचं, जहाजानं आणायचं, आणि जुनं कुठंतरी गंजत पडायचं. पृथ्वीकाय, अग्निकाय, जलकाय, सगळे आले. पंधरा डॉलरच्या पुलीपायी एवढा आरंभ? स्वतः दुरुस्त केलं तर वॉरंटी जाईल, अशी भीती अनेकांना घातली जाते. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस नावाचा कायदा आहे, त्यानुसार अमुकच कंपनीचा सुटा भाग किंवा अमुकच दुकानाची सेवा घेतली नाही एवढ्यावरून कंपनीला सर्वसाधारणपणे वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्याकडंही केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. तेव्हा मिक्सर असो, शिलाई मशीन असो की ट्रॅक्टर, ‘नवीनच घ्या’ ऐकल्यावर लगेच पाकीट काढू नये. एकदा उघडून बघावं.

सगळ्यांनाच हे जमणार नाही, हे मला कळतं. कोणाची कंबर, कोणाचं वय, कोणाच्या दोन-दोन नोकऱ्या. त्यांनी माणूस जरूर लावावा. पण लावताना ‘आता माझा संबंध नाही’ असं म्हणू नये. ठेक्याचा कागद पूर्ण वाचावा, अळ्यांचं विष आणि तणनाशक काढायला लावावं, पाती वर ठेवायला सांगावं, तो येण्याआधी आपण फेरी मारावी, आणि त्याला दोन पैसे जास्त द्यावेत, कारण आपण त्याचं काम हळू केलं आहे. सांगली-पुण्यात राहणाऱ्या मैत्रिणींना हे लांबचं वाटत असेल, तर सोसायटीत दर तीन महिन्यांनी फवारणीवाला येतो तेव्हा आठवून बघा. सही कोणाची असते?

गृहस्थाश्रमात हात पूर्ण स्वच्छ राहत नाहीत, म्हणून तर रोज प्रतिक्रमण आहे, सामायिक आहे. हात काळे होणारच असतील तर ते ग्रीसनं झालेले बरे. ग्रीस दिसतं, आणि दिसतं ते आपण धुतो.

जय जिनेंद्र.